दुर्दैवाने वेळेवर

शाळेत जाताना अपघात व्हावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नसे. तेवढे आम्ही वाईट नव्हतो. पण गाडीने थोडं मनावर घ्यावं, वाटेत कुठंतरी रुसून बसावं, निदान परिपाठ आणि गणिताचा पहिला तास तरी हुकवावा, एवढी माफक अपेक्षा आठवी ते दहावीच्या तमाम पोरांची होती. अपेक्षेला आधारही होता. रस्ता आमच्या बाजूचा होता, गाडी आमच्या बाजूची होती, हस्ताच्या पावसात निसर्गसुद्धा आमच्या बाजूला यायचा. आडवे येत होते ते एकटे अण्णा.

अण्णा म्हणजे गाडीचे ड्रायव्हर. अंगात खाकी शर्ट, खाली पांढरा लेंगा, डाव्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ. हे घड्याळ ते रोज रेडिओच्या बातम्यांवर लावत. शाळेच्या घंटेला पाच मिनिटं कमी असताना गाडी फाटकातून आत घालायची, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव व्यसन असावं. विडीही ते ओढत, पण तिच्यासाठी जीव धोक्यात घालत नसत.

ही 1984-85च्या सुमाराची गोष्ट. आमचं गाव नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, त्याचं पाणी कालव्यांनी खाली आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले, कारखान्यांमागून शाळा आल्या. रस्ता मात्र या रांगेत कुठंतरी मागं राहिला. तसं जिल्ह्याला रस्त्यांचं वावडं नव्हतं. एसटीची पहिलीवहिली गाडी 1 जून 1948ला पुण्याहून निघाली ती नगरलाच आली, हे आम्हाला भूगोलाच्या सरांनी छाती फुगवून सांगितलं होतं. पण पुणे-नगर ही सडक झाली. आमच्याकडं सडक म्हणजे पाटाचा भराव. तो बांधला पाटकऱ्याची सायकल आणि वर्षातून एकदा साहेबाची जीप जावी म्हणून. एका अंगाला तुडुंब वाहणारा पाट, दुसऱ्या अंगाला दहा फूट खाली कुणाचा तरी ऊस, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर अण्णा, आम्ही आणि समोरून येणारं जे काही असेल ते.

गाडी संस्थेने लिलावात घेतलेली होती. कुठल्या संस्थेने ते सांगत नाही, कारण तिथं माझी भाचरं शिकतात. त्या वेळी देशात 1939चा मोटार वाहन कायदा चालू होता आणि गाडीसुद्धा त्याच्याच पाठीला पाठ लावून जन्मली असावी, असा आजोबांचा अंदाज होता. तिला पिवळा रंग दिला होता, तरी ऊन तापलं की आतला जुना निळा रंग वर यायचा. गियरचा दांडा माझ्या कमरेएवढा उंच. तो टाकताना अण्णा डबल क्लच मारत. मारला नाही तर खालून असा काही कर्र आवाज यायचा की पुढच्या बाकावरच्या मुली कानांवर हात ठेवायच्या. दाराची कडी तुटलेली. दार बैलाच्या कासऱ्याने आतून बांधलेलं असे आणि कासऱ्याचं टोक दहावीतल्या एका दणकट पोराच्या हातात. ही मानाची जागा होती. वर्गाचा मॉनिटर व्हायला कुणी धडपडत नसे, कासऱ्यासाठी मात्र मारामाऱ्या होत.

आणि मागच्या बाकाखाली भोक होतं. तिथली लाकडी फळी उचकटून कधीच पडली होती. त्या भोकातून रस्ता पळताना दिसायचा: आधी खडी, मग फुफाटा, मग खडी. मागच्या बाकावरचे लोक रस्ता बघूनच सांगत, आता चारी नंबर अमुक आली. माझ्या चुलतभावाची कंपासपेटी त्या भोकातून गेली. "कंपास कुठाय?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "सर, गाडीखाली गेली." सरांनी आधी त्याला जवळ घेतलं आणि सगळं कळल्यावर बाकावर उभं केलं.

आता महाराष्ट्रात शाळेच्या गाड्यांसाठी 2011 सालचे वेगळे नियम आहेत. खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं नळकांडं, पोरांना उतरवून घ्यायला माणूस. भाच्याच्या गाडीला तर जीपीएस आहे. ती चौकात वळली की बहिणीचा मोबाइल वाजतो. आमच्या वेळी गाडी कुठवर आली हे आईला कळायचं ते धुरळ्यावरून. वेशीपलीकडं धुरळ्याचा लोट उठला की ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची. लोट एकाच जागी थांबला तर आधण उतरवून ठेवायची, गूळ वाया जायला नको म्हणून. पोराची काळजी करण्याची पद्धत अजून आमच्याकडं पोचली नव्हती.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्याचं बॉयलर पेटायचं, त्याला पत्रिकेत ‘अग्निप्रदीपन’ म्हणतात. हवेत मळीचा वास सुटायचा आणि आमच्या आशा पालवायच्या, कारण गळीत हंगाम सुरू झाला की भरावावर उसाच्या गाड्या लागायच्या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून यायचा. चालवणारा पोरगा जेमतेम मिसरूड फुटलेला, कानठळ्या बसवणारा टेप लावलेला, आणि ब्रेक ही गोष्ट त्याने ऐकीव माहितीवर सोडून दिलेली. मागं कुणी जायचं यावर दहा मिनिटं चर्चा चाले. अण्णा खाली उतरत नसत, भोंग्याचा रबरी फुगा दाबत नसत, नुसते घड्याळाकडं बघत. त्या बघण्याला घाबरून ट्रॅक्टर मागं गेलेला मी पाहिलाय.

बैलगाड्यांची गोष्ट निराळी. त्या हटायच्या नाहीत, हटू शकायच्याही नाहीत. त्यांना ओलांडून जायचं तर आमची डावी चाकं भरावाच्या अगदी कडेला. अशा वेळी शहाण्या माणसाने डोळे मिटून देवाचं नाव घ्यावं. आम्ही खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघून गाडीतला ऊस उपसायचो. दोघांनी एकाचे पाय धरायचे, त्याने कांडं ओढायचं. गाडीवान मागं वळून आसूड उगारायचा, पण मारायचा नाही, कारण आसूड हलला की बैल बुजणार आणि सगळेच पाटात. उसाच्या ढिगावर त्याची पोरं बसलेली असत, आमच्याच वयाची. आष्टी-पाथर्डीकडून आईबापांबरोबर ऊस तोडायला आलेली. ती ओरडत नसत. आमची दप्तरं बघत बसत. एकदा त्यातल्याच एकाने स्वतःहून एक कांडं ओढून माझ्या हातात दिलं. ते खाताना मजा आली नाही, एवढं आठवतंय.

एके सकाळी पाटाच्या पुलाच्या चढावर आमच्या पुढची गाडी उलाळली. मागं वजन जास्त झालं, धुरा आभाळाकडं गेली आणि जू मानेत अडकलेले दोन्ही बैल मागच्या पायांवर उचलले गेले. नरड्याला फास बसलेला, डोळे पांढरे झालेले, गाडीवान "धरा, धरा" करत धुरेला लोंबकळतोय. मागच्या बाकावर आनंदाची लाट उसळली. अर्धा तास नक्की! कुणी म्हणालं, एक तास. अण्णांनी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि दार उघडून फक्त एवढंच म्हणाले, "चला रे, वजन द्या."

आम्ही झाडून सगळे धुरेवर लटकलो. धुरा खाली आली, बैलांचे पाय जमिनीला लागले, एका बैलाने मोठा उसासा टाकला तो थेट माझ्या सदऱ्यावर. मग वरच्या मोळ्या उतरवल्या, पुढं सरकवल्या, परत बांधल्या. खरोखर अर्धा तास गेला. पण उरलेल्या रस्त्यावर अण्णांनी तो अर्धा तास ज्या रीतीने वसूल केला त्याचं वर्णन करायला मला बाहेरचं काहीतरी दिसायला हवं होतं. डोकं टपाला, पाठ बाकाला, पुन्हा डोकं टपाला, एवढंच दिसलं. घंटेला पाच मिनिटं कमी असताना गाडी फाटकातून आत. पोरं काय बोलणार? हस्तिदंती रंगाची लाळ वाळलेल्या सदऱ्याने मी परिपाठाला उभा राहिलो आणि प्रतिज्ञा म्हटली.

घातपाताचे प्रयत्नही झाले. सायलेन्सरमध्ये मक्याचं कणीस खुपसून ठेवलं होतं. गाडी सुरू होताच ते धाडकन उडालं आणि ज्याने खुपसलं होतं त्याच्याच नडगीवर बसलं. अण्णांनी त्याला बॉनेटवर बसवून शाळेत आणलं. इंजिनावरचं ते बॉनेट तापलं की काय होतं हे त्याने पुढं कुणाला सांगितलं नाही, पण दिवसभर तो बाकावर एका बाजूने बसत होता.

आमच्याकडं जून-जुलै तसे कोरडेच जातात. खरा पाऊस हत्तीचा, म्हणजे हस्ताचा, आणि तो नेमका सहामाहीच्या तोंडावर. त्या वर्षी तो रात्रभर कोसळला. सकाळी गाडी वेळेवर आली हे वेगळं सांगायला नको. गाडीत गणिताचे सरही होते. ते आमच्याच गावात खोली घेऊन राहत, म्हणून रोज पुढच्या बाकावर पेपर उघडून बसत.

ओढ्याच्या फरशीवर आलो तर फरशीच नव्हती. तांबडं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत. फरशीच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड रोवलेले होते आणि अण्णांचा नियम साधा होता: दगड दिसले तर जायचं, नाही दिसले तर नाही. त्या दिवशी एकही दगड दिसत नव्हता. अलीकडं एक ट्रॅक्टरवाला उभा होता. तो म्हणाला, "चला की अण्णा. गुडघाभर तर पाणी हाय."

"गुडघा कुणाचा? तुझा का बैलाचा?" अण्णा म्हणाले. त्यांनी बाभळीची एक फांदी मोडून पाण्यात टाकली. ती टाकलेली दिसली, मग एकदम लांब दिसली, मग दिसली नाही. अण्णा परत येऊन बसले आणि म्हणाले, "सर, मागं घ्यावी लागंल."

गाडीत शिट्ट्या. अण्णा हरले होते! सहामाही आठवड्यावर आली असताना फुकटची सुट्टी!

मग गाडी मागं जायला लागली तेव्हा शिट्ट्या थांबल्या. कारण फरशीपासून वळायच्या जागेपर्यंत सगळा भराव उलटा जायचा होता, चिखलावरून. काळी माती भिजली की टायरला धरत नाही, टायर तिला धरत नाही. कासरेवाला दार उघडून बाहेर लटकत "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होता. तो सगळ्यालाच "येऊ द्या" म्हणत होता. चारीच्या गेटापाशी भराव जरा रुंद होता. तिथं अण्णांनी थोडं पुढं, थोडं मागं करत गाडी आडवी घ्यायला सुरुवात केली. मागची चाकं कडेला टेकली आणि त्यांच्यामागचा गाडीचा सगळा भाग, म्हणजे नेमके आम्ही, पुढं गेला.

मी सवयीने भोकातून खाली पाहिलं. खडी नव्हती, फुफाटा नव्हता. पाणी होतं. संथ, गढूळ, खूप खाली. एक केळीचं पान गोल फिरत आलं, भोकाच्या मधोमध थोडं रेंगाळलं आणि निघून गेलं. चुलतभावाने मारुतीस्तोत्र सुरू केलं. त्याला पाठांतर नव्हतं, म्हणून तो पहिलीच ओळ परत परत म्हणत होता. पुढून सरांचा आवाज आला, पण पेपर खाली आला नव्हता आणि तो उलटा धरलेला होता, असं मुलींनी नंतर सांगितलं. ते म्हणाले, "कुणी हलू नका. सतराचा पाढा."

आम्ही सतराचा पाढा म्हटला. एकशे दोनपर्यंत आलो तेव्हा खालून खडी सरकली.

गावात मारुतीच्या देवळासमोर अण्णांनी गाडी उभी केली, खाली उतरून विडी पेटवली. काडी पेटायला त्यांना तीन वेळा ओढावी लागली, हे मी पाहिलं. आम्ही दप्तरं उचलली. सर उठून दारात उभे राहिले, कासरा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, "बसा. अजून साडेदहाच होतायत. काळ, काम, वेग काढा."

एक गाडी ताशी तीस किलोमीटर वेगाने निघाली. आठ किलोमीटरवर ओढा लागला. तिथून ती ताशी पाच किलोमीटर वेगाने परत फिरली. तर सरासरी वेग किती?

चुलतभाऊ म्हणाला, "सर, निघालो तिथंच आलो. म्हणजे शून्य."

"ते विज्ञानाच्या तासाला. पुढचा."

बाहेर पाऊस थांबला होता. साडेबाराच्या सुमाराला एक माणूस सायकल मारत आला आणि अण्णांच्या कानाशी काहीतरी बोलला. अण्णांनी घड्याळात पाहिलं, विडी पायाखाली चिरडली आणि दारातून आत डोकं घालून, शक्य तितक्या गरीब आवाजात म्हणाले, "सर, दगड दिसाय लागलेत."

शाळेत पोचलो तेव्हा मधली सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. नोटीसबोर्डवर हेडसरांनी खडूने लिहून ठेवलं होतं: सकाळी बुडालेला गणिताचा तास शाळा सुटल्यावर होईल.