चिमण्यांचे स्टेटस
20 मार्च, म्हणजे जागतिक चिमणी दिन आला की गच्चीगच्चीवर मातीची परळे अवतरतात. परळ काठोकाठ भरायचे, फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा, झाले पक्षिप्रेम! चिमणीला आंघोळीला बोटाच्या दीड पेराएवढे पाणी पुरते, पाय रोवायला खडबडीत तळ किंवा एखादा दगड लागतो, हे विचारतो कोण? एप्रिलपर्यंत त्याच परळात शेवाळ, कबुतरांची विष्ठा आणि वळवळणाऱ्या अळ्या. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे निमंत्रण चिमण्यांना, बाळंतपण डासांचे! तेव्हा मंडळी, परळ सावलीत ठेवा, रोज काथ्याने घासा, पाणी बदला. जमणार नसेल तर सरळ पालथे घाला. चिमण्या तुमचे स्टेटस बघत नाहीत.