सत्त्याहत्तर अंश पूर्व, पाणी खारं

भूगोलात एम.ए. करणाऱ्याला कोणी रस्ता विचारू नये. अमरावतीच्या राजकमल चौकात एका पाहुण्याने मला बडनेऱ्याला कसं जायचं ते विचारलं. मी म्हणालो, दक्षिणेला. तो हलेना, म्हणून ‘किंचित पश्चिमेकडे झुकून’ अशी पुस्तीही जोडली. शेवटी पानठेलेवाल्याने त्याला ऑटोत बसवून दिलं. या शहराला अजून दिशांची जाण यायची आहे, असं मनाशी म्हणत मी पुढे निघालो. कुठे जायचं होतं, ते चुकलंच.

हा ताठा पहिल्याच सत्रात अंगात भिनतो. दहावीला 40 गुणांत उरकलेला विषय इथे प्रिझमॅटिक कंपास, प्लेन टेबल, टोपोशीट आणि उपग्रहाची छायाचित्रं घेऊन समोर उभा राहतो. घरी मामा विचारतात, ‘‘पानी कधी येईन बाप्पा?’’ मी त्यांना आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा सांगतो. मामा सगळं ऐकून घेतात आणि शेजाऱ्याला विचारायला जातात.

पण माझी खरी मर्दुमकी रेखांशात. मी राहणारा अकोल्याचा आणि शिकायला अमरावतीत. अमरावतीकरांचा तोरा काय सांगावा! विभागाचं ठाणं त्यांच्याकडे. 1 मे 1983 ला झालेलं विद्यापीठही त्यांच्याकडेच, आणि अकोला त्याच्या हद्दीत. आम्ही म्हणायचं, कृषी विद्यापीठ आमच्याकडे, तेही 1969 पासून. मुंबई-नागपूर मुख्य रेल्वेमार्ग आमच्या दारातून जातो, तुम्ही बडनेऱ्याला उतरा. उन्हाचं तर नावच काढू नका. मे 2024 मध्ये उन्हासाठी आमच्याकडे कलम 144 लावावं लागलं. एवढी धास्ती अमरावतीच्या सूर्याची कोणी घेतली होती काय?

यावर वर्गातल्या एका अमरावतीकराने शांतपणे सांगितलं, ‘‘सूर्य आधी आमच्याकडे येतो.’’

मी त्या रात्री वही घेऊन बसलो. प्रमाणवेळ मिर्झापूरकडच्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. अमरावती पावणेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास, अकोला सत्त्याहत्तरला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सरासरी पाहता माथ्यावरचा सूर्य अमरावतीला घड्याळातल्या 12 वाजून 19 मिनिटांनी येतो आणि अकोल्याला 12 वाजून 22 मिनिटांनी. तीन मिनिटं! तीन मिनिटांनी आम्ही मागे! पुढे मीच ही तीन मिनिटं शस्त्रासारखी परजू लागलो. वर्गात उशिरा पोहोचलो की म्हणायचो, ‘‘सर, मी अजून स्थानिक वेळेत आहे.’’ एका मित्राच्या लग्नात भटजींना विचारलं, की मुहूर्त मिर्झापूरकडच्या रेखांशाचा की मूर्तिजापूरचा? त्यांनी माझ्या हातात अक्षता दिल्या आणि मागे उभं राहायला सांगितलं. खरं तर मी रोज पाऊण तास उशिरा पोहोचायचो. उरलेल्या बेचाळीस मिनिटांचा हिशेब सूर्याकडे नव्हता.

त्यातच सत्त्याहत्तराव्या रेखांशाने घात केला. टोपोशीटच्या मालिकेत 55 डी संपतो आणि 55 एच सुरू होतो, तो नेमका या रेषेवर. म्हणजे आमचं अकोला कागदाच्या काठावर! गाव सलग पाहायचं तर दोन नकाशे शेजारी चिकटवा. अमरावती मात्र 55 एचमध्ये निवांत बसलेली. सर्वे ऑफ इंडिया 1767 पासून काम करते आहे. एवढ्या काळात कोणाला अकोल्याची दया येऊ नये?

आमचे सर हसायचे. सर तासिका तत्त्वावर. वऱ्हाडाखालचा काळा पाषाण सहा कोटी साठ लाख वर्षांचा, हे ते तल्लीन होऊन शिकवत. त्यांची स्वतःची नेमणूक एका शैक्षणिक वर्षाची, तीही पुरी नाही. दिवाळीत तासिका होत नाहीत, म्हणून पैसेही होत नाहीत. त्यावर मात्र आम्हाला कुठलाही विनोद सुचायचा नाही.

लघुप्रबंधाला मी खारपाणपट्टा घेतला. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा शेकडो मीटर जाड थर, माती चिकण, निचरा मंद आणि भूजल खारं. अमरावती, अकोला, बुलडाणा असा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला. विहिरीचं पाणी पिकाला द्यावं तर जमीन बिघडते, म्हणून सगळी भिस्त पावसावर. खिशात पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर खोचून मी डॉक्टरच्या रुबाबात दर्यापूरकडच्या एका गावात शिरलो. ज्या रस्त्याने अकोल्याहून निघालो, त्याच्या 75 किलोमीटरच्या एका पदराचं डांबरीकरण 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत झालं होतं आणि गिनीज बुकात गेलं होतं. पाण्याबाबत असली घाई कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

विहिरीचा आकडा 2000 च्या पुढे गेला. मी तो विजयी मुद्रेने दाखवला. विहिरीचे मालक, एक काका, म्हणाले, ‘‘मागच्या सालच्या पोट्ट्याचाबी असाच आला होता. आमच्या पान्यानं किती जनाले एम.ए. केलं बाप्पा! पानी तं खारच हाये.’’ मग घरात जाऊन त्यांनी माझ्यासाठी विकतच्या कॅनमधलं पाणी आणलं. मी प्रश्नावलीत ‘पिण्याच्या पाण्याचा स्रोत’ या रकान्यात ‘विकत’ लिहिलं आणि तेच पाणी प्यालो.

प्रबंध झाला. शेवटच्या प्रकरणात ‘शासनाने तातडीने लक्ष द्यावे’ ही शिफारस होती. ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांतही ती अगदी त्याच शब्दांत होती. एक प्रत काकांना द्यायला गेलो. पानभर रंगीत नकाशा पाहून ते हरखले.

‘‘माह्यं वावर कोनतं?’’

मी लाल रंगावर टोक टेकवलं. लाल म्हणजे अतिखार, असं समजावून सांगितलं. काका गप्प झाले. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, ‘‘हा कागद गावात कोनाले दाखवू नको. पोट्ट्याचं लगन व्हाचं हाये. खाऱ्या पान्यात पोरगी कोन देईन? जरासक हिरवं करून टाक ना.’’

त्यांचं चार एकर म्हणजे माझ्या नकाशावर अडीच मिलिमीटर. तरी मी मान ताठ करून सांगितलं, की काका, नकाशात खोटं चालत नाही.

‘‘मंग पानी गोड करा,’’ काका म्हणाले. ‘‘नकाशा आपोआप हिरवा होईन.’’