ऐकलं कुणी?

"कोपऱ्यावरच्या वहिनींच्या धाकट्याचं गाणं रेडिओवर लागलं म्हणे!" काकूंनी कुंपणावरून मान पुढे काढून बातमी सोडली.

"कुणी ऐकलं?"

"ऐकलं कुणीच नाही. पण सांगतायत सगळे."

आमच्या माणगावात बातमी अशीच फिरते. त्यातून हे गाणं लागलं पुण्याच्या कुठल्याशा एफएमवर, तेही रात्री अकरानंतर. ताम्हिणी घाट उतरून ते स्टेशन आमच्याकडे कशाला येतंय? तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यापासून एसटी स्टँडवरच्या फळवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. फळवाल्याने तर "चाल चांगली आहे" असंही सांगून टाकलं.

पोरगा लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला आहे. तो आणि त्याचे तिघे मित्र मिळून बँड. हा स्वतः ड्रम्सवर. गुरं विकल्यापासून वहिनींचा मागचा गोठा रिकामा होता, तिथे यांची तालीम. भिंतींना आतून गोणपाट, त्यावर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, अगदी आढ्यापर्यंत. गव्हाण तशीच ठेवलीय, तिच्यात वायरींची भेंडोळी आणि दोन उघड्या छत्र्या. कारण कौलं गळतात आणि ॲम्प्लिफायर भिजून चालत नाही.

"त्या ट्रेंवरून काय रामायण झालं, माहितेय ना तुला?" काकू म्हणाल्या. "ऐन श्रावणात रिक्षा भरून अंड्यांचे ट्रे उतरले. मी म्हटलं, एवढी अंडी खाल्ली कुणी? वहिनींच्या सासूबाई तर दोन दिवस जेवल्या नाहीत."

"अहो काकू, रिकामेच आणले होते. आवाजासाठी लावतात ते."

"आवाज वाढायला?"

"कमी व्हायला!"

"मग झाला का?"

झाला नाही, हे खरं. ट्रे लावून आतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज काही अडत नाही. त्याला जाड भिंतच लागते. हे मला त्या पोरानेच सांगितलं, पण सगळे ट्रे चिकटवून झाल्यावर.

रेडिओचं एक वेळ सोडा. कुठल्याशा इंग्रजी मासिकात कुणा समीक्षकाने या पोरांचं कौतुकही केलंय. वहिनींनी ते कात्रण लॅमिनेट करून फ्रिजवर लावलंय. पाणी प्यायला गेलेल्या माणसाला ते वाचल्याशिवाय ग्लास मिळत नाही.

"कौतुक झालं, रेडिओ झाला. पैसे किती मिळाले?" काकूंनी मुद्द्याला हात घातला.

"नसतील मिळाले."

"मग कशाला ती धडामधूम?"

काकूंचं माहेर गिरगावातलं, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. "काकू, धोबीतलावचं रंगभवन आठवतं?"

"आठवतं म्हणजे? उघड्यावरचं थिएटर. तिथे गाणी ऐकलीत, नाटकं पाहिलीत. डास चावायचे."

"तिथेच १९८६ साली फरहाद वाडियांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. काळे टी-शर्ट घातलेली पोरं लोकलने यायची. माझा भाऊ घरी एनसीसीचं सांगून जायचा."

"तरीच त्याला पुढे परेड येत नव्हती."

त्या काळात मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड होता, १९८४ सालचा. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. नावं ऐकून काकूंनी मान हलवली. "हे तर आपल्याकडचेच निघाले. मला वाटलं रॉक म्हणजे सगळे गोरे."

इथे मला जे सांगायचं होतं ते आलं. तेव्हा बँड खूप होते, पण बहुतेक सगळे वाजवायचे ते परदेशातल्या बँडची गाणी. लोकांनाही तेच हवं असायचं. तिकीट काढून आलेल्या पोरांना रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं ऐकायचं असे. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली, पण मग स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' नावाची अख्खी कॅसेट काढली, १९९० साली दुसरी. भारतात बसून, इंग्रजीत, स्वतःच्या गाण्यांची. माझ्या मते या मंडळींनी केलेलं सगळ्यात धाडसाचं काम हेच. लांब केस काय, कुणीही वाढवतं.

"म्हणजे आधी ऑर्केस्ट्रा होता, मग बँड झाला," काकू म्हणाल्या. मला एवढं थोडक्यात जमलं नसतं.

१९९३ साली त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' ठेवलं. तोवर घरोघरी केबल आली होती, एमटीव्ही आला होता. त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'चा व्हिडिओ तिथे इतका लागला की आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा एमटीव्हीचा पुरस्कारही त्याला मिळाला. १९९५ साली नव्या नावाने कॅसेट आली. आणि १९९७ साली बँड मोडला.

"पुरस्कार मिळाला आणि मोडला?"

"मोडला. हिंदी पॉप जोरात आलं, इंग्रजी गाणाऱ्यांना कोण विचारतो? बेनेगल न्यूयॉर्कला गेला. पण २०१० साली पुन्हा जमले आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' काढला. ऐका एकदा. केस पांढरे झाल्यावरचं गाणं आहे ते, जास्त मुरलेलं."

काकूंनी ऐकायचं कबूल केलं नाही, पण विषयही सोडला नाही. "रॉकवाला मराठी माणूस म्हणशील तर तो आत्माराम भेंड्यांचा मुलगा."

आता थक्क व्हायची पाळी माझी होती. "नंदू भेंडे? तुम्हाला कसे माहीत?"

"'तीन पैशांचा तमाशा' पाहिलाय मी. पुलंचा, जब्बार पटेलांनी बसवलेला. १९७८ ना? त्यात होता तो. आम्ही गेलो होतो लावणीचा ठेका धरायची तयारी करून आणि हा मध्येच अशी काही तान ओढायचा की शेजारची बाई दचकली. पण गळा होता हो! बापाचे फार्स बघून हसायचो आणि मुलाला ऐकून गप्प बसायचो."

ही कथा खरंच गमतीची आहे. बाप मराठी फार्सचा बादशहा, बबन प्रभूंचा जोडीदार. आई आशा भेंडे, माहेरच्या लिली एझेकिएल, बेने इस्रायली ज्यू. म्हणजे मूळ पाहिलं तर आपल्याच किनाऱ्याची माणसं. अलिबागजवळच्या नवगावला यांचे पूर्वज गलबत फुटून लागले अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. अशा घरातला मुलगा १९७० च्या दशकात अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास होऊन गात होता. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडबरोबरही तो काही काळ गायला. त्या बँडचं तेव्हा फारसं कुणी काही मनावर घेतलं नाही. २०११ साली एका अमेरिकन कंपनीने त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज नव्याने काढली तेव्हा जगभरचे रसिक विचारायला लागले, हे होते कुठे इतके दिवस? २०१४ साली नंदू भेंडे गेले. वडील त्यानंतर वर्षभराच्या आतच गेले.

"बघ, कौतुक झालं ते म्हातारपणी," काकू म्हणाल्या. "आणि रेडिओने तरी कधी लावलं त्यांना?"

रेडिओ हा काकूंचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांचे दीर आकाशवाणीचे बी हाय दर्जाचे गायक. आधी ऑडिशन, मग बी, बी हाय, ए आणि टॉप, ही उतरंड त्यांना पाठ आहे. दीर ए दर्जाला का पोचले नाहीत, याचीही एक कथा आहे. ती मी ऐकलीय, पण छापण्यासारखी नाही.

"आमच्या लहानपणी केसकर मंत्री होते," त्या सांगू लागल्या. "बाळकृष्ण केसकर, पुण्याचे. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली. आमचे वडील खूश. आणि ते ऑफिसला गेले की आई रेडिओ सिलोन लावायची."

१९५७ साली विविध भारती निघाली ती त्या सिलोनला तोड म्हणूनच. आणि आता उलटा न्याय. मुंबईत २००२ साली खासगी एफएम आले, सकाळपासून रात्रीपर्यंत सिनेमाच सिनेमा. सुरुवातीला गो ९२.५ सारखं इंग्रजी गाणी लावणारं स्टेशन होतं, तेही पुढे बदललं. जाहिरातदाराला सगळ्यांना माहीत असलेलं गाणं हवं असतं. आणि न लावलेलं गाणं सगळ्यांना माहीत होणार कसं, याचं उत्तर कुणी द्यायचं? म्हणून स्वतंत्र बँडच्या वाट्याला येते ती रात्री अकरानंतरची वेळ. एके काळी केसकरांनी सिनेमाला दार लावलं, आता सिनेमानेच दुसऱ्यांना लावलंय. केसकरांचं निदान सरकारी आदेशाने होतं, त्याविरुद्ध अर्ज तरी करता यायचा.

"ते राहू दे. पैशाचं सांग," काकू पुन्हा मूळपदावर.

मग मी भावाकडून कळलेलं सगळं सांगितलं. गाणं रेडिओवर लागलं की दोन वाटण्या असतात. एक ज्याच्या मालकीचं रेकॉर्डिंग त्याची, दुसरी ज्याने शब्द लिहिले आणि चाल लावली त्यांची. पूर्वी कंपनी एकरकमी पैसे देऊन सगळं लिहून घ्यायची. जावेद अख्तर राज्यसभेत यावर भांडले आणि २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही. पण तो घरपोच येत नाही. आयपीआरएस म्हणून संस्था आहे, १९६९ सालची. तिथे सभासद व्हायचं, गाण्याची नोंद करायची, कुणाचा किती टक्के ते लिहायचं. नोंद नसेल तर गाणं शंभरदा वाजो.

"आणि या पोरांनी नोंद केलीय?"

"त्यांना तर ट्रेचं पण नंतर कळलं."

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौघांत टक्के कसे पाडायचे? ड्रम्सवाल्याला चाल लावल्याचं धरतात का?"

"तेच तर! बँड मोडतात ते इथेच. आधीच कागदावर लिहून ठेवावं."

"भावकी आहे गं ही," काकू म्हणाल्या. त्यांच्या घरचा सातबाराचा दावा माणगावच्या कोर्टात चाललाय, त्यामुळे टक्के म्हटलं की त्यांचे कान टवकारतात.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या वहिनीच आल्या. हातात छत्री, पिशवीत मटार. आम्हा दोघींना कुंपणाशी पाहून त्या थांबल्या. मी आपलं हायवेच्या ट्रॅफिकचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर काकू पुढे.

"वहिनी, अभिनंदन हो! रेडिओवर लागलं म्हणे. आम्ही ऐकलं."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

"चाल चांगली आहे," काकू म्हणाल्या. "पण आयपीआरएसला नोंद केली का त्याने? नाही? अहो, २०१२ पासून कायदा बदललाय, हक्काचे पैसे आहेत ते. त्याला संध्याकाळी माझ्याकडे पाठवून द्या. चौघांनाही पाठवा. आणि येताना कोरा कागद घेऊन या म्हणावं, शाई मी देते."