युरेनसला जायचंय? हिंदूरावला उतरा

युरेनस किंवा नेपच्यूनवर आंतरराष्ट्रीय मोहीम काढायची मनात असेल, तर आधी दिल्ली गाठा आणि रिक्षावाल्याला ‘हिंदूराव’ एवढंच सांगा. तो रिजवरच्या महापालिकेच्या इस्पितळाच्या फाटकाशी आणून सोडेल. हे हिंदूराव आपलेच, कागलकर घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या बड्या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि त्याची टेकडीवरची कोठी पुढे हिंदूरावांनी घेतली. दिल्लीत मराठी सरदाराचं नाव रोज इतक्या जणांच्या तोंडी येतं, असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही. बहुतेकदा येतं ते ‘हड्डी के डॉक्टर कहाँ बैठते हैं’ या प्रश्नाच्या अलीकडे, एवढंच.

ओपीडीच्या रांगेत उभे राहू नका. आवारात पीर गायब नावाची दुमजली दगडी इमारत आहे. फिरोजशहा तुघलकाच्या चौदाव्या शतकातल्या शिकारी महालाचा हा उरलेला भाग. तिच्या एका खोलीत जमिनीतून निघून छताच्या आरपार जाणारी पोकळ दगडी नळी आहे. आकाशाचे वेध घेण्यासाठी ती केली असावी, असा जाणकारांचा तर्क. पुढे इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणानंही या जागेवरून मोजमापं घेतली. म्हणजे जागा अनुभवी आहे. माकडंही अनुभवी आहेत. हातात पिशवी ठेवू नका.

आता ग्रह निवडा. नवशिक्यांनी युरेनस घ्यावा. तो सूर्यापासून पृथ्वीच्या एकोणीसपट अंतरावर आहे, तर नेपच्यून तीसपट. या दोघांना लावतात त्या ‘बर्फाळ’ या विशेषणाला भुलून स्वेटर बांधू नका. आतलं पाणी, अमोनिया आणि मिथेन प्रचंड दाबाखाली तापून दाट रस्सा झालेले आहेत. बर्फ हे नुसतं नाव.

मग मुहूर्त. युरेनसला सूर्याभोवती फिरायला ८४ वर्षं लागतात. १८५७ च्या उन्हाळ्यात इंग्रज याच टेकडीवरून दिल्लीला वेढा घालून बसले होते आणि हिंदूरावांची कोठी तोफगोळ्यांनी चाळण होत होती. त्यानंतर २०२५ पर्यंत युरेनसच्या दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या. तेव्हा तो कृत्तिकांच्या आसपास होता आणि आता परत तिथेच आलाय. हिवाळ्यात इथल्या गच्चीवरून दुर्बिणीनं शोधून बघा. दिसला नाही तर दोष दुर्बिणीचा नाही, हवेचा.

१९७७ मध्ये गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून असे काही जुळून आले होते की एकाच यानाला एकेकाच्या गुरुत्वाकर्षणाचा हिसका घेत चौघांनाही भेटता आलं. व्हॉयेजर २ तसंच गेलं: २४ जानेवारी १९८६ ला युरेनस, २५ ऑगस्ट १९८९ ला नेपच्यून. या दोघांकडे गेलेलं ते आजवरचं एकमेव यान, आणि तेही न थांबता पुढे निघून गेलं. असा योग साधारण पावणेदोनशे वर्षांनी येतो. आधीचा १८०० च्या आगेमागे येऊन गेला, तेव्हा दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता. तो वाया घालवला म्हणून दौलतरावांना बोल लावू नये. १८०३ मध्ये पटपडगंजला इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक समोर उभा होता.

तुमच्या वाट्याला तेवढा योग नाही, पण नुसत्या गुरूचा हिसका मिळू शकतो. अमेरिकी शास्त्रज्ञांच्या समितीनं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की पुढची मोठी मोहीम युरेनसचीच हवी: एक परिक्रमा यान आणि वातावरणात सोडायचा एक शोधक. उड्डाण २०३१-३२ ला, प्रवास सुमारे १३ वर्षांचा, खर्च ४.२ अब्ज डॉलर. रुपयांत ते पस्तीस हजार कोटींच्या घरात जातं. आपल्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली अख्खी शुक्र मोहीम १२३६ कोटींची आहे. थोडक्यात, यजमानपद आपलं नाही. आपण पाहुण्यांत, पण हात हलवत जायचं नाही.

उशीर केलेला चालत नाही, याचं कारण ग्रहाच्या झोपण्यात आहे. युरेनस आडवा पडून फिरतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवांवर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार. व्हॉयेजर पोचलं तेव्हा दक्षिण ध्रुव उजेडात होता; उपग्रहांचे उत्तरेकडचे अर्धे भाग काळोखात राहिले ते आजतागायत कुणी जवळून पाहिलेले नाहीत. तिकडे सध्या ऊन आहे. २०४९ च्या सुमारास विषुवदिन येईल आणि मग उत्तरेकडे पुन्हा चार दशकं रात्र.

विजेची व्यवस्था चटकन उरकू. तिथलं ऊन इथल्याच्या पावणेचारशेव्या हिश्श्याइतकं, सौर पट्ट्या बाद. प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर वीज करावी लागते, आणि हे द्रव्य बाजारात मिळत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं चंद्रयान-३ च्या प्रणोदन कप्प्यासाठी एकेक वॅटची दोन किरणोत्सारी तापनयंत्रं दिली होती. तेवढ्यावर युरेनस होत नाही, पण बोलणी करायला बसताना खिशात काहीतरी असतं.

खरी परीक्षा भागीदारांची. भागीदार खर्च वाटून घेण्यासाठी असतात, अशी नवशिक्यांची समजूत असते. खर्च कमी होत नाही, बैठका वाढतात. शिवाय भागीदार निघून जातात. सूरजमल जाट दिल्लीतूनच भाऊसाहेबांना सोडून गेला, हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. युरोपच्या एक्सोमार्स मोहिमेतून २०१२ मध्ये अमेरिका बाहेर पडली, रशिया आत आला, २०२२ च्या युद्धानंतर रशियाशी काडीमोड झाला, आणि रोव्हर अजून पृथ्वीवरच आहे. चंद्रयान-२ चा लँडर रशिया देणार होता. तो आला नाही, शेवटी आपण आपला केला.

तरीही भागीदार घ्याच, आणि तो परदेशीच घ्या. कारण कॅसिनीत दिसतं. १९९० च्या दशकात अमेरिकी संसदेत त्या शनी मोहिमेवर कात्री चालवायची भाषा सुरू झाली, तेव्हा युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रमुखांनी थेट उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांना पत्र धाडलं: आमचा हायगेन्स शोधक तुमच्या यानावर बसून जायचाय, आता माघार घ्याल तर पुढे तुमच्यावर विश्वास कोण ठेवील? कॅसिनी वाचली. हायगेन्स १४ जानेवारी २००५ ला टायटनवर उतरला. परक्यापुढे नाचक्की होईल ही भीती म्हणजे आपल्याच अर्थखात्यापासूनचा सर्वांत खात्रीचा विमा. म्हणून करार करताना सहीचा समारंभ जितका दणक्यात होईल तितका करा, फोटो छापून आणा. फक्त प्रत्येकाचा भाग स्वतंत्र ठेवा. एक जण उठून गेला तर बाकीच्यांचं यान उडालं पाहिजे.

पाहुण्याला दिलेली जागा वाया जात नाही, हे आपण स्वतः अनुभवलंय. २००८ च्या चंद्रयान-१ वर ११ उपकरणं होती, त्यांतली सहा परदेशी. चंद्रावरच्या पाण्याची बातमी त्यातल्याच अमेरिकी उपकरणानं दिली. आता जागा मागायची पाळी आपली.

बदल्यात काय देणार? कान द्या. युरेनसहून निघालेला संदेश इथे यायला पावणेतीन तास लागतात आणि पोचेपर्यंत त्यात जीव राहत नाही. व्हॉयेजर युरेनसला होतं तेव्हा अमेरिकी अँटेनांच्या जोडीला ऑस्ट्रेलियातली पार्क्सची दुर्बीण लावावी लागली होती. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेल्ली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत पृथ्वीवर थेट ऐकला तो खोडदच्या तबकड्यांनी. यान आपटलं, पण ऐकणाऱ्यांचं काम चोख झालं होतं. युरेनसशी तर आपली ओळख त्याहून जुनी. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाताना तमिळनाडूतल्या कवलूरला भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी दुर्बिणीशी होते. ताऱ्याचा उजेड मध्येच मंदावला. त्यांनी ‘नेचर’मध्ये नवा उपग्रह म्हणून ते छापलं. ती युरेनसची कडी होती, आणि श्रेय अमेरिकेच्या उडत्या वेधशाळेच्या पदरी पडलं. प्रस्तावात हा उल्लेख जरूर करा, रडका सूर न लावता.

प्रसिद्धीचं आधीपासून ठरवू नका. व्हॉयेजर युरेनसजवळून गेलं, जगभरचे पत्रकार जमले, आणि चौथ्या दिवशी, २८ जानेवारी १९८६ ला, चॅलेंजरचा स्फोट झाला. दहा नव्या चंद्रांची बातमी आतल्या पानावर गेली.

शेवटी माणसं. एड स्टोन १९७२ मध्ये व्हॉयेजरचे प्रकल्प शास्त्रज्ञ झाले आणि २०२२ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले. अमेरिकेचं उड्डाण २०३२ चं वेळापत्रक पाळेल अशी चिन्हं सध्या नाहीत. ते तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात गेलं आणि गुरूचा हिसका हुकला, तर प्रवास आणखी लांबेल. म्हणून प्रस्तावावर पहिलं नाव सही करणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांचं घालू नका. सध्या आठवीत असलेलं, गणित आवडणारं एखादं मूल शोधा, त्याचं घाला. आईवडिलांची संमती घ्या, आणि इंजिनिअरिंगनंतर एमबीए करायचं नाही, एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या.