घटस्फोटाचं अपील: नवशिक्यांसाठी नव्वद दिवसांचा कार्यक्रम

कोर्टानं घटस्फोट दिला आणि तो तुम्हाला नको होता, किंवा तुम्ही मागितला आणि कोर्टानं नाकारला. दोन्ही गटांतल्या नवशिक्यांचं स्वागत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28 नं अपिलाला 90 दिवस दिले आहेत. 2003 पर्यंत 30च होते. त्या काळच्या लोकांना वेळ वाया घालवायची एवढी सोय नव्हती. तुम्हाला आहे, तेव्हा तो शिस्तीत घालवा.

पहिला पंधरवडा निकाल न वाचण्यात काढा. निकाल समजून घ्यायचा तो कोर्टाबाहेरच्या चहाटपरीवर, ज्याची स्वतःची पेशी धुऱ्याच्या भांडणाची होती अशा माणसाकडून. ‘‘काही दम नाही भाऊ यात, वरच्या कोर्टात एका पेशीत उडते,’’ असं तो सांगेल. वरचं कोर्ट म्हणजे कोणतं, हे मात्र त्याला विचारू नका. ते निकालाच्या पहिल्याच पानावरून कळतं. तिथं ‘दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर’ असेल तर अपील जिल्हा न्यायालयात. ‘कौटुंबिक न्यायालय’ असेल तर थेट उच्च न्यायालयात, आपल्या भागात त्याच्या नागपूर खंडपीठात, दोन न्यायमूर्तींपुढे. कौटुंबिक न्यायालयाच्या 1984 च्या कायद्यात अपिलाची मुदत 30 दिवस लिहिली आहे. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना 90 दिवसच लागू, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 2016 साली सांगितलं. टपरीवर अजून दोन्ही आकडे चालतात, शिवाय एक तिसराही.

पुढचा महिना नातेवाइकांना द्या. वणीचे मामा, उमरखेडचे साडू, दारव्ह्याच्या आत्याबाई, सगळ्यांकडे एसटीनं जाऊन या. कोणाची तरी पुढाऱ्याच्या पीएशी ओळख निघतेच. दिवाणी अपिलात पीए काय करणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

या कार्यक्रमात दोन प्रकारचे लोक वेगळे. संमतीनं सही करून घटस्फोट घेतलेल्याला त्या हुकुमाविरुद्ध अपीलच नाही. आणि समन्स घ्यायचं नाही म्हणून मागच्या दारानं शेतात गेलेल्या माणसाविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला असेल, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज त्याच कोर्टात देता येतो, पण 30 दिवसांत. त्यानं मामांकडे जाऊ नये, परवडणार नाही.

आता अपिलासाठी निकालाची नक्कल. खिडकीवर फॉर्म मिळतो; त्यावर प्रकरण क्रमांक, दोन्ही बाजूंची नावं, निकालाची तारीख लिहायची, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. नवशिक्या इथं हमखास म्हणतो, ‘‘नंबर पाठ नाही साहेब, पण ते आमच्या बायकोचं प्रकरण.’’ खिडकीमागचा माणूस मान वर न करता पुढच्याला बोलावतो. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, ही कायद्याची खरी माया. मात्र अर्ज मुदतीच्या आत पडलेला हवा. नक्कल तयार होऊन खिडकीत पडून राहिली आणि तुम्ही कापूस विकायला गेलात, तर ते दिवस तुमच्याच खात्यात.

वकील फुकट मिळत असेल तर संशय घ्यायची पद्धत आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. हे तिथल्या फलकांवर लिहिलेलं असतं, म्हणून कोणी वाचत नाही.

अपिलाच्या अर्जात मुद्दे थोडक्यात, सुटे, क्रमांक घालून आणि कहाणी न सांगता लिहावेत, असा दिवाणी संहितेचा नियम आहे. तुम्ही हळदीच्या दिवशी नणंद काय बोलली इथून सुरुवात करा. शेवटी स्थगितीची मागणी विसरा. नुसतं अपील दाखल केल्यानं खालचा हुकूम थांबत नाही, हे पोटगीची थकबाकी भरताना कळेलच.

धीर खचू लागला तर दास्ताने विरुद्ध दास्ताने हा गाजलेला खटला आठवावा. अर्ज 1962 साली पुण्यात. तिथून जिल्हा न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय, आणि 19 मार्च 1975 ला सर्वोच्च न्यायालयात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचा निकाल. पत्नीनं क्रूरपणे वागवलं हे पतीनं सिद्ध केलं, पण नंतर नांदून ते माफही केलं, म्हणून अपील फेटाळलं. तेरा वर्षांत वैवाहिक खटल्यांतल्या पुराव्याचा नवा दंडक देशाला मिळाला. अपील करणाऱ्याला काय मिळालं, ते वर आलंच.

नव्वदावा दिवस रविवार असेल तर घाबरू नका, सोमवारी दाखल करता येतं. तो सोमवारही गेला, तर समोरच्या बाजूला दुसरं लग्न करायला कलम 15 मोकळीक देतं आणि तुम्हाला विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. त्यात उशिराचं कारण हवं. ‘मामा म्हणाले होते’ हे कारण नाही. डॉक्टरचा दाखला जोडणार असाल तर त्या तारखांना तुम्ही उमरखेडला जेवत होतात, हे साडूला कोर्टात सांगू देऊ नका. अर्ज फेटाळला गेला तर त्याविरुद्धही वर जाता येतं. आधी त्या हुकुमाची नक्कल मागवा.