जिवाणूंची हजेरी

ई. कोलायला कॉलेजचं वेळापत्रक कळत नाही. चांगलं खाद्य आणि ३७ अंश सेल्सिअसची ऊब मिळाली की हा जिवाणू साधारण दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. इकडे सर हजेरी घेऊन फळा पुसेपर्यंत तिकडे त्याची एक पिढी उलटलेली असते.

नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. आमच्याकडे परीक्षेला बसायला हजेरीही ७५ टक्केच लागते. उरलेले २५ टक्के प्रयोग, झोप आणि वडापाव यांनी आपापसात वाटून घ्यायचे.

माझं संशोधन म्हणजे मुख्यतः भांडी. पीएचडीवाले दादा ‘जरा बघतोस का’ म्हणाले, की फ्लास्क घासायचे आणि ऑटोक्लेव्ह १२१ अंश गाठेपर्यंत त्याच्यासमोर राखणीला बसायचं. (घरी आईने एक ताट उचलायला सांगितलं, तर ‘उद्या सबमिशन आहे’ म्हणणारा तो मीच.) जिवाणूंची वाढ मोजायची वेळ नेमकी सांख्यिकीच्या चाचणीत येते. चाचणी बुडवली तर गुण जातात, कल्चर विसरलं तर कालची अख्खी रात्र जाते.

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये मात्र आबादीआबाद. गेल्या बॅचचे आकडे यंदाही येतात, सहीही मिळते. प्रयोगशाळेत तोच प्रयोग तीनदा केला, उत्तरं तीन आली. दादांना दाखवलं. म्हणाले, ‘यालाच रिसर्च म्हणतात. फ्लास्क धुतलेस का?’