नव्या तबकडीची आणेवारी

पाश्चात्य लोकप्रिय संगीताचे नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा परिपाठ २०१५ सालापासून जगभर पडला असून, त्या पिकाची आणेवारी शनिवार उजाडण्यापूर्वी जाहीर करण्याचे काम ज्या वर्गाकडे आपोआप चालत आले आहे, त्यास समीक्षक अशी संज्ञा आहे. या खात्यात दाखल होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांस जाबते आणि नजिरा एके ठिकाणी पाहावयास मिळत नाहीत, ही अडचण ध्यानी घेऊन पुढील कलमे सादर केली आहेत. ज्यांना गायनवादनाचे ज्ञान आहे अशा उमेदवारांनीही निराश होण्याचे कारण नाही. सरावाने ती उणीव भरून निघते.

कलम १ : परिमाण. कोणत्या मापाने मोजावयाचे हे प्रथम ठरवावे. काय मोजावयाचे हे मागाहून ठरले तरी चालते. रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' पत्रात अल्बमांना शाळामास्तराप्रमाणे अक्षरी श्रेणी देण्याचा उपक्रम आरंभिला. 'रोलिंग स्टोन' मासिकाने पुढे पाच ताऱ्यांचा अंगीकार केला. आणि 'पिचफोर्क' या संकेतस्थळाने ०.० पासून १०.० पर्यंत दशांशाची अशी शिडी उभारली की तिला एकशे एक पायऱ्या झाल्या. उमेदवाराने दशांशच पसंत करावा. अल्बम बरा आहे असे म्हटल्यास वाचक लागलीच कारण विचारतो, तो ७.३ आहे असे म्हटल्यास, एवढ्या बारकाईने मोजणाऱ्यापाशी कारण असणारच अशा समजुतीने तो मुकाट्याने पान उलटतो.

कलम २ : साधनसामग्री. श्रवणयंत्र तपासून घ्यावे. बीटल्स मंडळींचा 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम १९६७ सालच्या जून महिन्यात अमेरिकेत मोठ्या थाटामाटाने अवतरला आणि चहूकडून स्तुतिसुमनांचा वर्षाव सुरू झाला, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन नावाच्या तेविशीही न ओलांडलेल्या लेखकाने, ही सारी नादचमत्कृती दिपवून टाकणारी असली तरी अंती पोकळ आहे, असा निवाडा दिला. लोक इतके खवळले की पुढच्याच महिन्यात त्यास दुसऱ्या पत्रातून आपल्या निवाड्याची कैफियत मांडावी लागली. आणि बऱ्याच वर्षांनी त्यानेच सांगितले की ज्या यंत्रावर आपण तो अल्बम ऐकला त्याचा एक कर्णा नादुरुस्त होता. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात काही स्वर डाव्या अंगाने तर काही उजव्या अंगाने येतात, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या बिचाऱ्याच्या खोलीत किती मजकूर दाखलच झाला नसेल याची कल्पना येईल. तथापि त्याच लेखात अखेरचे 'अ डे इन द लाइफ' हे गीत मात्र त्याने बाजूस काढून मनापासून वाखाणले होते, ही नोंद उमेदवाराने टिपून ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडेल.

कलम ३ : परिभाषा. नाद छापता येत नाही आणि शब्द छापता येतात, या निसर्गनियमामुळे चार पानांच्या परीक्षणातील साडेतीन पाने गीतांच्या अर्थाविषयी व गायकाच्या घटस्फोटाविषयी असतात. उरलेल्या अर्ध्या पानासाठी पुढील शब्द पुरेसे आहेत : लय मंदावली असेल तर 'परिपक्व', गिटारी कर्कश असतील तर 'मुळांकडे परतणारा', काहीच उमगले नाही तर 'महत्त्वाकांक्षी'. अल्बम मागल्यासारखाच असेल तर कलावंताची वाढ खुंटली असे लिहावे, आणि नसेल तर तो वाट चुकला असे.

कलम ४ : प्रतिकूल शेरा. हा शक्य तितका संक्षिप्त असावा. बॉब डिलनच्या १९७० सालच्या 'सेल्फ पोर्ट्रेट'वर लिहिताना ग्रील मार्कस यांनी आरंभीच अपशब्दयुक्त असा एक प्रश्न टाकला, ज्याचा सभ्य तर्जुमा 'ही काय भानगड आहे?' असा होईल. याहून संक्षेप अशक्य, असे वाटत असतानाच २००६ साली पिचफोर्कने ऑस्ट्रेलियातील 'जेट' या वाद्यवृंदाच्या 'शाइन ऑन'ला शून्य गुण देऊन, परीक्षणाच्या जागी एक मर्कट स्वमूत्र प्राशन करीत असल्याचे चलच्चित्र तेवढे दाखविले. कलावंतही कधीकधी उलट फिर्याद करतात. लू रीड यांनी १९७८ सालच्या आपल्या जाहीर मैफलीच्या अल्बमात क्रिस्टगाऊंचा नामोल्लेख करून त्यांचा यथेच्छ उद्धार केला. क्रिस्टगाऊंनी, आपल्या नावाचा उच्चार शुद्ध केल्याबद्दल आभार मानून, त्या अल्बमास 'सी प्लस' दिला. शिवी खाऊनही आणेवारी न बदलणे यास दफ्तरी शिस्त म्हणतात.

कलम ५ : फेरतपासणी. निवाडा अखेरचा असल्याप्रमाणे द्यावा, परंतु अपिलाची वाट मोकळी ठेवावी. 'लेड झेपेलिन'च्या पहिल्या अल्बमास १९६९ साली नाके मुरडणाऱ्या आणि निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ला १९९१ साली तीन ताऱ्यांवर वाटेस लावणाऱ्या रोलिंग स्टोननेच २००३ साली सर्वकालीन पाचशे अल्बमांची यादी केली, तेव्हा पहिल्यास २९ वे व दुसऱ्यास १७ वे स्थान बहाल केले. पिचफोर्कने २०२१ साली १९ अल्बमांचे गुण एकदम दुरुस्त केले. त्यात लिझ फेअर यांच्या अल्बमाच्या शून्याचे ६.० झाले आणि डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'चे ६.४ वाढून पूर्ण दहा. दशांशापर्यंत नेमके असलेले माप ३.६ अंशांनी चुकू शकते, याचा उमेदवाराने धसका घेऊ नये. तबकडी तीच होती. फक्त मधल्या वीस वर्षांत ती लोकांनी ऐकली होती.

कलम ६ : बढती. ज्यास निर्वेध नोकरी करावयाची आहे त्याने प्रत्येक अल्बमास ७.२ द्यावे; या आकड्यावर कोणी रागावत नाही, फेरतपासणीत तो फारसा हलत नाही, आणि तो देणाऱ्याचे नाव वर्षअखेरीस त्याच्या संपादकासही आठवत नाही. ज्यास नाव हवे आहे त्याने मात्र गोल्डस्टीनची नजीर काढून वाचावी. त्या जून महिन्यात जयजयकार करणारे पुष्कळ होते, आणि त्यांचे म्हणणे काळाने उचलूनही धरले. तरी पन्नास वर्षांनंतर चर्चा होते ती या चुकलेल्या निवाड्याची. एकच कर्णा चालू असताना जे कानी पडले ते त्याने शेजाऱ्याला न विचारता लिहिले, आणि त्यातलेच जे अस्सल वाटले ते निःसंकोच वेगळे काढले. तेव्हा चुकण्याचा हक्क हा या खात्यातील एकमेव वतनी हक्क समजावा, आणि तो ७.२ च्या मोबदल्यात कोणाकडेही गहाण टाकू नये.